परदेशी विद्यापीठातील पहिले सत्र : विषयांची निवड कशी करावी ?

बेळगाव शहराच्या दक्षिण भागातील शहापूर, खासबाग व वडगाव या एकमेकींस लागून असलेल्या वसाहती विणकरांच्या वसाहती म्हणून सर्वत्र परिचित आहेत. हातमागाची जागा पुष्कळ ठिकाणी यंत्रमागाने घेतली असली, तरी विणकामाचा मूळ नियम बदललेला नाही. साडीचा रंग, काठ, पदर यांचा विचार कितीही झाला, तरी आधी ताणा नीट लागावा लागतो. फणीतून एखादा धागा चुकीच्या जागी ओवला गेला, तर तो दोष पहिल्या वितीपासून अखेरच्या वितीपर्यंत वस्त्रात दिसत राहतो आणि तो दुरुस्त करावयाचा तर माग थांबवावा लागतो. थांबलेला माग म्हणजे बुडालेली मजुरी, हे खासबागेतील लहान मुलासही सांगावे लागत नाही.

उच्च शिक्षणातील पहिल्या सत्राचे स्थान नेमके असेच आहे. वाणिज्य व व्यवस्थापन या विषयांचे शिक्षण घेण्यासाठी परदेशी जाण्याची आकांक्षा आता मोठ्या शहरांपुरती उरलेली नाही. बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांतील होतकरू मुलामुलींच्या मनातही ती निर्माण होत आहे. प्रवेश, पारपत्र, प्रवेशपरवाना व कर्ज यांची धावपळ कुटुंबात महिनोन्‌महिने चालते. परंतु तेथे पोहोचल्यावर पहिल्या सत्रात कोणते विषय घ्यावयाचे, या प्रश्नाचा विचार मात्र बहुधा विमानातून उतरल्यावर सुरू होतो. तोपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. म्हणून या विषयाची माहिती विद्यार्थ्यांबरोबरच त्यांचे पालक व शिक्षक यांनाही असणे अगत्याचे आहे. पुढील विवेचनात अमेरिकेतील पद्धत उदाहरणादाखल घेतली आहे, कारण विषयनिवडीचा भार तेथे विद्यार्थ्यावर फार मोठ्या प्रमाणात टाकलेला असतो.

पूर्व-व्यवसाय विद्यार्थी म्हणजे काय ?

आपल्याकडे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षास प्रवेश मिळाला, की विद्यार्थी वाणिज्य शाखेचा झाला, असे आपण समजतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत तसे नसते. तेथे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास ‘प्री-बिझनेस’, म्हणजे पूर्व-व्यवसाय या गटात घेतले जाते. विद्यापीठात त्याचा प्रवेश झालेला असतो, पण व्यवसाय-व्यवस्थापन विद्याशाखेत झालेला नसतो. गणित, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, लेखाकर्म व इंग्रजी लेखन यांसारखे ठराविक पायाभूत अभ्यासक्रम विहित श्रेणीने पूर्ण केल्यानंतर, बहुधा दुसऱ्या वर्षाच्या सुमारास, तो त्या विद्याशाखेकडे अर्ज करण्यास पात्र ठरतो. हे अभ्यासक्रम कोणते व किमान श्रेणी किती, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरविते. काही विद्यापीठे पहिल्या दिवसापासून थेट प्रवेशही देतात. आपले विद्यापीठ यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे अर्ज करण्यापूर्वीच विचारून घेणे, हा या पाठाचा पहिला धडा होय.

दुसरा महत्त्वाचा शब्द ‘क्रेडिट’ म्हणजे श्रेयांक. सत्रभर आठवड्यातून साधारण एक तास चालणाऱ्या अध्यापनास एक श्रेयांक, असे स्थूल प्रमाण असते. बहुतेक अभ्यासक्रम तीन श्रेयांकांचे असतात. पदवीसाठी सर्वसाधारणपणे १२० श्रेयांक लागतात. म्हणजे चार वर्षांत, आठ सत्रांत पदवी घ्यावयाची, तर प्रत्येक सत्रात सरासरी १५ श्रेयांक पूर्ण केले पाहिजेत.

गणिताची साखळी

आता मुख्य प्रश्न. खासबागेतील एक मुलगी मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण होऊन पदवीपूर्व वाणिज्य शाखेत गेली, असे समजू. कर्नाटकात या शाखेत अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन व लेखाशास्त्र यांच्या जोडीला इतिहास, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र किंवा मूलभूत गणित यांसारखा एक विषय घेता येतो. गुण चांगले पडतील म्हणून, अथवा मैत्रिणींनी घेतला म्हणून तिने इतिहास घेतला. इतिहास हा विषय कमी प्रतीचा मुळीच नाही. परंतु त्यामुळे दहावीनंतर तिचा गणिताशी संबंध तुटला, ही गोष्ट पुढे निर्णायक ठरते.

परदेशी विद्यापीठात पोहोचताच तिला गणिताची स्तरनिश्चिती परीक्षा द्यावी लागते. गणित विसरलेले असल्यास तिला प्रथम बीजगणित, त्यानंतर कलनशास्त्र आणि मग संख्याशास्त्र, असा क्रम लावून दिला जातो. यातील प्रत्येक पायरी मागील पायरीवर अवलंबून असल्यामुळे दोन पायऱ्या एकदम चढता येत नाहीत. तिने पहिल्याच सत्रात बीजगणित घेतले, तर तिसऱ्या सत्राअखेर संख्याशास्त्र पूर्ण होते व दुसऱ्या वर्षी विद्याशाखेकडे अर्ज करता येतो. पण ‘गणित अवघड आहे, आधी इकडचे वातावरण अंगवळणी पडू द्यावे,’ असे म्हणून तिने ते एक वर्ष पुढे ढकलले, तर तीच साखळी पाचव्या सत्रापर्यंत लांबते. अर्जाची वेळ निघून जाते, पदवी लांबते आणि वाढलेल्या सत्राचे शुल्क, राहण्या-जेवणाचा खर्च व कर्जावरील व्याज घरावर पडते. परदेशी शुल्क डॉलरमध्ये भरावयाचे असते, ही गोष्ट येथे विसरता येणार नाही. एका वेळच्या संकोचाची किंमत एका संपूर्ण सत्राइतकी होऊ शकते.

म्हणून नियम असा : ज्या विषयावर पुढील सर्वांत अधिक विषय अवलंबून आहेत, तो विषय पहिल्या सत्रात प्रथम घ्यावा. व्यवसाय-शिक्षणात तो विषय बहुधा गणित असतो. स्तरनिश्चिती परीक्षेपूर्वीच्या उन्हाळी सुटीत आठवी ते दहावीची गणिताची पुस्तके पुन्हा एकवार सोडविली, तरी एखादी पायरी वाचण्याचा संभव असतो. त्या पुस्तकांस खर्च येत नाही.

बारा आणि पंधरा यांतील अंतर

विद्यार्थी-प्रवेशपरवान्यावर अमेरिकेत गेलेल्या पदवी विद्यार्थ्याने प्रत्येक नियमित सत्रात पूर्ण वेळ, म्हणजे किमान १२ श्रेयांक, शिकले पाहिजे असा तेथील नियम आहे. घरबसल्या संगणकावरून शिकावयाचा एकच अभ्यासक्रम, म्हणजे तीन श्रेयांक, या पूर्ण वेळेत धरला जातो. उरलेले वर्गात बसूनच पूर्ण करावे लागतात.

येथे साध्या अंकगणिताचा विचार उपयोगी पडतो. विद्यार्थ्याने बरोबर १२ श्रेयांक, म्हणजे चार अभ्यासक्रम घेतले आणि त्यांतील एक झेपेना म्हणून सोडला, तर हाती नऊच उरतात व त्याच्या वास्तव्याची कायदेशीर स्थिती धोक्यात येते. त्याऐवजी पाच अभ्यासक्रम, म्हणजे १५ श्रेयांक घेतल्यास, प्रसंगी एक सोडूनही १२ शिल्लक राहतात. याच्या उलट, उत्साहाच्या भरात १८ श्रेयांक घेणेही हितावह नाही. दर श्रेयांकामागे वर्गात एक तास व घरी अभ्यासाचे सुमारे दोन तास धरले, तर १५ श्रेयांकांसाठी आठवड्याचे ४५ तास लागतात. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास २० तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते. ती पूर्ण वापरल्यास ही बेरीज ६५ तासांवर जाते. पहिल्या सत्रात नवी भाषा, नवी हवा व स्वयंपाकापासून सर्व कामे अंगावर असताना हा भार उचलणे कठीण असते.

सत्राच्या सुरुवातीस काही दिवस अभ्यासक्रम बदलण्याची मुभा दिलेली असते. या काळात वर्गात बसून, पाठ्यक्रमपत्रिका वाचून निर्णय घ्यावा. त्यानंतर सोडलेल्या अभ्यासक्रमाची नोंद गुणपत्रकावर राहते. अडचण खरोखरच मोठी असेल, तर ती लपवू नये. सुरुवातीच्या काळात इंग्रजीची अडचण, अध्यापनपद्धतीचा अपरिचय किंवा चुकीच्या स्तरावर झालेली नेमणूक या कारणांसाठी भार कमी करण्याची तरतूद नियमांतच आहे. मात्र अभ्यासक्रम सोडण्यापूर्वी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची अनुमती घ्यावी लागते. आधी सोडून मागाहून विचारणाऱ्यास हे साहाय्य मिळत नाही. असे नियम वेळोवेळी बदलत असल्याने प्रत्येक सत्राच्या आरंभी त्याच कार्यालयातून खात्री करून घेणे इष्ट.

पाच विषयांची मांडणी

पहिल्या सत्राची समतोल मांडणी स्थूलमानाने पुढीलप्रमाणे करता येईल.

१. गणित : स्तरनिश्चिती परीक्षेत जो स्तर मिळेल त्या स्तराचे. वरचा स्तर मागून घेण्याचा हट्ट करू नये आणि मिळालेला स्तर टाळूही नये.

२. सूक्ष्म अर्थशास्त्र : व्यवसाय-शिक्षणाचा हा पाया आहे. पदवीपूर्व वर्गात अर्थशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्यास येथे ओळखीच्या कल्पना नव्या भाषेत भेटतात.

३. इंग्रजी लेखन : मराठी माध्यमातील विद्यार्थी हा विषय पुढे ढकलतात, असे करू नये. अर्थशास्त्राचा निबंध असो की व्यवस्थापनाचा अहवाल, पुढील प्रत्येक विषय याच लेखनावर उभा असतो. काही विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी याच विषयाची स्वतंत्र तुकडी असते. तीत बसण्यात कमीपणा नाही.

४. सामान्य शिक्षणातील एक विषय : इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र यांपैकी. हा पदवीसाठी आवश्यकच असतो व पहिल्या तीन विषयांचा ताण हलका करतो.

५. संगणकावरील हिशेबतक्ते अथवा प्रथम वर्षाचे परिचय-सत्र यांसारखा लहान विषय.

या यादीत लेखाकर्म नाही, याचे अनेकांस आश्चर्य वाटेल. रोजकीर्द व खातेवही शिकून गेलेल्या वाणिज्य विद्यार्थ्यास तो विषय सोपा वाटतो व चांगल्या श्रेणीच्या आशेने तो प्रथम घ्यावासा वाटतो. परंतु अनेक विद्यापीठांत तो दुसऱ्या वर्षाचा विषय असतो आणि पुढील साखळी त्याच्यामुळे अडत नाही. आपले ज्ञान कोठे जात नाही, ते दुसऱ्या वर्षी उपयोगी पडतेच. पदवीपूर्व परीक्षेतील लेखाशास्त्राबद्दल श्रेयांक मिळतीलच, असेही गृहीत धरू नये.

अन्य भाषेच्या आवश्यकतेबाबतही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या विद्यापीठात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकणे सक्तीचे असते, तेथे दुसऱ्या भाषेच्या माध्यमातून शालेय शिक्षण झालेल्या विद्यार्थ्यास पुष्कळदा सूट मिळू शकते. मराठी माध्यमाचे शाळेचे प्रमाणपत्र, त्याच्या इंग्रजी भाषांतरासह, जवळ ठेवावे. जे माध्यम अडचणीचे वाटत होते, तेच येथे काही श्रेयांकांचा वेळ वाचवू शकते.

खासबागेतील अर्थशास्त्र

नव्या विषयांचे भय बहुधा शब्दांचे असते, आशयाचे नसते. सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पहिल्या काही आठवड्यांत स्थिर खर्च, बदलता खर्च, सीमांत खर्च व संधिव्यय या संज्ञा येतात. खासबागेतील मुलाने त्या पुस्तकाबाहेर पाहिलेल्या असतात. मागाची किंमत व जागेचे भाडे एक साडी विणली तरी तितकेच आणि दहा विणल्या तरी तितकेच राहते, हा स्थिर खर्च. सूत व रंग साड्यांच्या संख्येप्रमाणे वाढतात, हा बदलता खर्च. आणखी एक साडी विणावयाची तर जो खर्च वाढेल, तो सीमांत खर्च. माग एका नक्षीत गुंतल्यामुळे त्या दिवशी दुसऱ्या मागणीचे जे उत्पन्न सोडावे लागले, तो संधिव्यय. निपाणीच्या बाजारात तंबाखूचा भाव वधारला वा उतरला की शेतकऱ्याच्या घरात जी चर्चा होते, ती मागणी-पुरवठ्याचीच असते. प्रत्येक इंग्रजी संज्ञेसमोर मराठी संज्ञा व घरचे एक उदाहरण लिहिलेली वही विद्यार्थ्याने प्रस्थानापूर्वी तयार केली, तर पहिल्या महिन्यातील अर्धा गोंधळ कमी होईल. हे काम शाळा-महाविद्यालयातील शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली सहज होण्यासारखे आहे.

पूर्वसूरींचा आदर्श

परदेशी शिक्षण व उद्योग यांचा संबंध या भागास नवा नाही. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आपल्या उद्योगाचा प्रारंभ केला. पुढील पिढीतील शंतनुराव किर्लोस्कर यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतून १९२६ साली यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेतली व घरच्या उद्योगाचा विस्तार केला.

विषयनिवडीच्या दृष्टीने मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांचे शिक्षण पदव्युत्तर पातळीवरील होते. तरीही त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची विद्यापीठाकडील नोंद आजच्या नवागतानेही अभ्यासावी अशी आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी एक, असे एकूण ६० अभ्यासक्रम त्यांनी घेतले. म्हणजे जवळजवळ निम्मे एका मुख्य विषयाचे व उरलेले त्या विषयास आधार देणारे. शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली होती, म्हणून ते एकाच विषयात कोंडून राहिले नाहीत. आणि स्वातंत्र्य मिळाले म्हणून भरकटलेही नाहीत. १९१५ साली एम.ए.साठी सादर केलेला त्यांचा प्रबंध प्राचीन भारतातील व्यापारावर होता. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२५ साली निपाणी येथे भरलेल्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी तेच बाबासाहेब सीमाभागात आले होते. मुख्य विषय भक्कम, बाजूचे विषय विचारपूर्वक आणि वेळेचा हिशेब काटेकोर, ही त्रिसूत्री त्यांच्या अभ्यासक्रमांच्या यादीवरून सहज ध्यानात येते.

येथेच शिकणाऱ्यांसाठीही

परदेशी जाणे सर्वांस शक्य नाही व आवश्यकही नाही. निपाणीचे असंख्य विद्यार्थी राज्याची सीमा ओलांडून कागल तालुक्यातील अर्जुननगर येथील देवचंद महाविद्यालयात शिवाजी विद्यापीठाचे शिक्षण घेतात, तर बेळगावातील विद्यार्थ्यांस २०१० साली स्थापन झालेले राणी चन्नम्मा विद्यापीठ जवळ आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर श्रेयांक, मुख्य विषय, गौण विषय ही भाषा आपल्याकडेही आली आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. कर्नाटकाने २०२१-२२ पासून सुरू केलेली चार वर्षांच्या पदवीची रचना २०२४-२५ पासून बदलून पुन्हा तीन वर्षांची पदवी स्वीकारली. एका गावातील दोन भावंडे सीमेच्या दोन बाजूंस शिकत असतील, तर त्यांची विषयरचना भिन्न असू शकते. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने घेतलेले विषय पाहून आपल्या मुलाचे विषय ठरवू नयेत. ज्या विद्यापीठात प्रवेश घ्यावयाचा, त्याची चालू वर्षाची माहितीपुस्तिका पाहूनच निर्णय घ्यावा. पुढील विषय कशावर अवलंबून आहेत, हे पाहून निवड करण्याचा नियम मात्र दोन्ही बाजूंस सारखाच लागू आहे.

पालक, शिक्षक व अधिकारी यांचे कर्तव्य

पालकांनी खर्चाचा अंदाज करताना एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात घ्यावी. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण व विद्यावाचस्पती या पदव्यांसाठी आहे, पहिल्या पदवीसाठी नाही. तेव्हा शिष्यवृत्ती पुढे मिळेलच, या भरवशावर घर वा माग तारण ठेवू नये. पहिली पदवी आपल्या भागात उत्तम रीतीने घेऊन पुढील शिक्षणासाठी परदेशी जाणे, हा मार्ग अनेक कुटुंबांस अधिक सुरक्षित ठरतो.

शिक्षकांचे कार्य दहावीच्या निकालानंतर लगेच सुरू होते. व्यवसाय-शिक्षणाकडे कल असलेल्या मुलामुलीस पदवीपूर्व वर्गात मूलभूत गणित किंवा संख्याशास्त्र घेण्याचा सल्ला त्याच वेळी दिला गेला पाहिजे. मुलींच्या बाबतीत ‘तिला गणित कशाला ?’ असे म्हणणाऱ्या घरांत शिक्षकांचा शब्द विशेष मोलाचा ठरतो. अधिकाऱ्यांनी व महाविद्यालयांच्या कार्यालयांनी गुणपत्रके, अभ्यासक्रमाची इंग्रजी प्रत व माध्यमाचे प्रमाणपत्र वेळेवर व साक्षांकित करून दिल्यास विद्यार्थ्याची मोठी सोय होईल. परदेशी सल्लागार विद्यार्थ्याचा स्तर याच कागदांवरून ठरवितात.

विद्यार्थ्याने तेथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात नेमून दिलेल्या शैक्षणिक सल्लागाराची भेट घ्यावी व पहिल्या सत्राचीच नव्हे, तर चार सत्रांची विषययादी कागदावर मांडून न्यावी. प्रश्न विचारणे म्हणजे अज्ञान उघडे करणे, ही समजूत येथेच सोडून जावी. विणकर ताणा लावताना धागे दोन वेळा मोजतो, त्यात त्यास कमीपणा वाटत नाही. खासबागेतील घराघरांतून चालत आलेली ही सावधगिरी मुलांनी परदेशी वर्गात नेली, तर पहिले सत्र हे भयाचे न राहता पुढील चार वर्षांचे भक्कम अधिष्ठान ठरेल, यात शंका नाही.